शाळेच्या कपाटातला बीबीसी मायक्रो: आधी पॉवर सप्लाय, मग ड्राइव्ह, फ्लॉपी सगळ्यात शेवटी

फिकट पिवळसर डबा, काळी बटणं, वरच्या बाजूला लाल बटणांची एक ओळ आणि ठिपक्यांनी काढलेलं घुबड. शेजारी लोखंडी पेटीतला फ्लॉपी ड्राइव्ह, खोक्यात सव्वापाच इंची फ्लॉप्या. शाळेचं भांडारघर आवरताना असं काही सापडलं तर तो बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं तो १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणला. आपल्याकडे तो आला १९८४ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून. शाळांमध्ये संगणक पोचवायचा देशातला तो पहिला मोठा प्रयत्न होता. सुरुवातीची मशीन इंग्लंडहून आली. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सनं तेच मशीन ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावानं दिलं. डब्यावर युनिकॉर्न लिहिलेलं असलं तरी खालची सगळी कृती तशीच लागू पडते.

सापडल्या सापडल्या प्लग लावून, हाताला येईल ती फ्लॉपी आत सरकवायचा मोह आवरा. मशीन बिघडलं तर दुसरं मिळतं, ब्रिटनमध्ये अजून खरेदी-विक्री चालू आहे आणि बहुतेक सुटे भाग मिळतात. पण त्या फ्लॉपीवर एखाद्या सरांनी रात्री जागून लिहिलेला निकालपत्रकाचा प्रोग्राम असेल, तर त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. म्हणून या लेखातला क्रम पाळा: विजेपासून सुरुवात, मग मशीन, मग ड्राइव्ह, मग कोरी फ्लॉपी, आणि हे सगळं पार पडल्यावरच जुनी फ्लॉपी.

हाताशी काय हवं

कागदपत्रांपासून सुरू करू, कारण लोक तेच विसरतात. अनुदानित शाळेतलं मशीन डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, लागलेलं असतं. ते घरी न्यायचं तर मुख्याध्यापकांचं पत्र घ्या. त्यात मशीन, ड्राइव्ह आणि फ्लॉप्यांची संख्या लिहून घ्या. वस्तू आधीच निर्लेखित झाली असेल तर त्या ठरावाची प्रत मागा. पुढे तपासणीत कुणी विचारलं, तर अडचणीत शाळेचा लिपिक येतो, तुम्ही नाही. त्याच्यासाठी तरी एवढं कराच.

हत्यारं साधी आहेत:

- मल्टिमीटर, स्टारचे स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर काढायचा पंप
- इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज टेस्टिंग बोर्ड, १०० वॅटच्या फिलामेंटच्या बल्बसकट. एलईडी बल्ब इथे चालत नाही
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं
- कापूसकाड्या, धागे न सुटणारं कापड, हातमोजे, मास्क
- एक्स-२ दर्जाचे कपॅसिटर, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड
- एक-दोन कोऱ्या किंवा बिनमहत्त्वाच्या सव्वापाच इंची डबल डेन्सिटी फ्लॉप्या

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत यातलं फ्लॉपी सोडून सगळं मिळतं. कपॅसिटर मागताना ‘एक्स-२’ आणि ‘२७५ व्होल्ट एसी’ हे दोन्ही शब्द उच्चारा, नाहीतर दुकानदार साधा सिरॅमिक हातावर ठेवतो. तो या जागी धोकादायक आहे.

१. उघडण्याआधी फोटो आणि चिठ्ठ्या

कुठली केबल कुठे होती, ड्राइव्हवर कुठली बटणं आहेत, फ्लॉपीच्या लेबलवर काय लिहिलंय, सगळ्याचे फोटो काढा. लेबलवरचं पेन्सिलीचं अक्षर नंतर अल्कोहोलनं पुसलं जाऊ शकतं. ‘८वी ब, भूमिती’ एवढी एक ओळही पुढे फाइल ओळखायला उपयोगी पडते.

मशीनला मागे दोन आणि खाली पुढच्या बाजूला दोन असे चार मोठे स्क्रू असतात, शेजारी इंग्रजीत ‘फिक्स’ लिहिलेलं. ते काढले की झाकण सरळ वर येतं. आत झुरळांची अंडी, पालीची विष्ठा, कधी उंदरानं कुरतडलेली वायर, हे सगळं अपेक्षित धरा. मास्क त्यासाठीच सांगितला. कोरड्या ब्रशनं साफ करा. ओला फडका नको.

२. पॉवर सप्लाय: धूर निघायच्या आधी

डाव्या हाताला पत्र्याच्या डब्यात पॉवर सप्लाय असतो. त्यात मुख्य विजेच्या तारांवर विजेतला गोंगाट (नॉइज) गाळायला बसवलेले दोन कपॅसिटर आहेत, पारदर्शक पिवळसर वेष्टणातले. त्यांच्या आत कागद असतो. वर्षानुवर्षांत वेष्टणाला बारीक भेगा पडतात, दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो आणि एक दिवस वीज लागली की कपॅसिटर फुटतो. पांढरा धूर आणि दिवसभर जाणार नाही असा वास. गंमत म्हणजे मशीन बऱ्याचदा चालूच राहतं, कारण हे कपॅसिटर फक्त गाळणीचं काम करतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात चाळीस वर्षं काढलेला असा कपॅसिटर शाबूत दिसला तरी बदलून टाका. ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका.

डबा उघडण्यापूर्वी प्लग काढून ठेवा आणि थांबा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. मल्टिमीटरनं मोजून तो उतरल्याची खात्री करा, मगच हात घाला. विजेच्या कामाची सवय नसेल तर एवढा भाग टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडून करून घ्या. त्याला हे काम नवं नाही, फक्त कुठले कपॅसिटर ते दाखवा.

बदलून झाल्यावर लगेच मशीनच्या मुख्य बोर्डाला जोडू नका. सप्लायमधून बोर्डाकडे सात तारा जातात: तीन लाल म्हणजे अधिक ५ व्होल्ट, तीन काळ्या म्हणजे शून्य, एक जांभळी म्हणजे उणे ५. या तारा बोर्डावरून काढा आणि लाल-काळ्यामध्ये गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा. असा सप्लाय अजिबात भार नसताना चालवून घेतलेलं माप भरवशाचं नसतं. आता सिरीज बोर्डातून वीज द्या. बोर्डावरचा मोठा बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. तो लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

सिरीज बोर्ड काढून थेट विजेवर लाल-काळ्यामध्ये ४.९ ते ५.१ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेपाचच्या वर गेलं तर तो सप्लाय बोर्डाला लावायचाच नाही, कारण मग एकेक चिप बदलत बसावं लागेल. तारा परत लावताना बोर्डावरची खूण वाचून लावा. लाल आणि काळी उलटी लावल्यावर वाचलेलं मशीन मी पाहिलेलं नाही.

३. पहिली सुरुवात: कान उघडे ठेवा

ड्राइव्ह जोडू नका. नुसतं मशीन चालू करा आणि ऐका. निरोगी बीबीसी मायक्रो आधी जाड आणि लगेच बारीक असे दोन स्वर काढतो. यामागचं कारण कळलं तर निम्मी दुरुस्ती कळते. आतली आवाजाची चिप वीज मिळताच आपणहून ओरडायला लागते. प्रोसेसर जागा होतो, ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होते आणि ती सगळ्यात आधी या चिपला गप्प करून मग स्वतःचा ‘मी तयार’ असा बारीक स्वर काढते. म्हणजे जाड स्वर संपतच नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम तिथवर पोचलेलीच नाही.

अशा वेळी लोक थेट प्रोसेसरवर संशय घेतात. आधी फुकटच्या गोष्टी बघा:

ब्रेक बटण अडकलंय का? ते थेट रिसेटला जोडलेलं आहे. दाबलेलं राहिलं की प्रोसेसर झोपलेलाच राहतो आणि स्वर चालू राहतो.

चिपा सॉकेटमध्ये नीट बसल्यात का? इतक्या वर्षांच्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत चिप हळूहळू वर सरकते, पायांवर काळपट थर चढतो. वीज बंद करून एकेक चिप चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनं दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलून काढा, पाय अल्कोहोलनं पुसा, परत बसवा. एका वेळी एकच चिप, आणि खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो. शाळांतल्या मशीनची मोठी संख्या एवढ्यावरच बोलायला लागते.

तरीही स्वर थांबत नसेल तर संशयाचा क्रम असा: ऑपरेटिंग सिस्टीमचा रॉम, सिस्टीमची ६५२२ चिप (बोर्डावर ‘आयसी ३’), मग रॅम. या ६५२२ मधूनच आवाजाच्या चिपला आणि कीबोर्डला आज्ञा जातात. बोर्डावर दुसरी ६५२२ असते, ‘यूजर पोर्ट’ची. ती सॉकेटमध्ये असेल तर दोघींची अदलाबदल करून बघता येते, खर्च शून्य.

४. पडद्यावर काय दिसायला हवं

मागे चित्रासाठी तीन जागा असतात: टीव्हीच्या अँटेनाची, गोल बीएनसीची आणि सहा पिनांची आरजीबीची. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं बीएनसी वापरावी. बीएनसी ते आरसीए असा छोटा अॅडॉप्टर सीसीटीव्हीच्या दुकानात सहज मिळतो, तो टीव्हीच्या पिवळ्या भोकात लावायचा. चित्र काळं-पांढरं आलं तर घाबरू नका, कारखान्यातून तसंच येतं. बोर्डावरचा ‘एस ३९’ हा जोड लावला की रंग मिळतात.

आरजीबीची तार थेट संगणकाच्या व्हीजीए मॉनिटरला लावून ‘चित्र येत नाही’ म्हणू नका. मायक्रोची आडवी वारंवारता १५.६ किलोहर्ट्झच्या आसपास आहे, व्हीजीएला त्याच्या दुप्पट लागते. स्वच्छ रंगीत चित्र हवं असेल तर रास्पबेरी पाय झिरोवर चालणारा ‘आरजीबी टू एचडीएमआय’ हा खुला प्रकल्प आहे. त्यावर खर्च करणं सार्थ ठरतं, पण आत्ता नाही.

पडद्यावर पहिली ओळ ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, मग ‘एकॉर्न डीएफएस’, मग ‘बेसिक’ आणि खाली बाणासारखं चिन्ह. एकेका ओळीचा अर्थ आहे. ३२ च्या जागी १६ दिसलं तर एक तर ते मॉडेल ‘ए’ आहे किंवा निम्मी रॅम सापडत नाही. ‘लँग्वेज?’ असा प्रश्न आला तर बेसिकचा रॉम नीट बसलेला नाही. ‘डीएफएस’ची ओळ गायब असेल तर फ्लॉपीची भाषा जाणणारा रॉम तरी नाही किंवा त्याचे पाय टेकलेले नाहीत. मशीनला ड्राइव्ह जोडलेला सापडला याचा अर्थ त्यात फ्लॉपीचा कंट्रोलर आहेच असा नाही. शाळांमध्ये पेट्या इकडच्या तिकडे झालेल्या असतात. बोर्डावर इंटेलची ८२७१ ही लांब चाळीस पायांची चिप आहे का, ते डोळ्यांनी बघून घ्या. ती मेलेली निघाली तर नवी शोधण्यात पैसे घालू नका, दुर्मीळ आणि महाग आहे. तिच्याच जागी बसणारं १७७० चिपचं छोटं बोर्ड घ्यावं, सोबत त्याचा डीएफएस रॉमही.

५. ड्राइव्ह, फ्लॉपीशिवाय

ड्राइव्हचं झाकण काढा. आत दोन गोष्टी बघायच्या: डोकं, म्हणजे फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा भाग (हेड), आणि ते सरकतं ती दांडी. दांडीवरचं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं असतं, त्यामुळे डोकं अडखळतं आणि बिघाड फ्लॉपीचा वाटतो. जुनं ग्रीस अल्कोहोलनं काढा, शिवणयंत्राचं तेल अगदी एक थेंब लावा आणि वीज बंद असताना डोकं बोटानं हळूच पुढेमागे करून बघा. गुळगुळीत सरकलं पाहिजे.

डोकं पुसायला अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापूसकाडी. दोन बाजूंच्या ड्राइव्हमध्ये वरचं डोकं एका नाजूक पट्टीवर असतं. काडी आत जाईल एवढंच उचला, जास्त उचललंत तर दोन डोक्यांची रेषा कायमची चुकते. एका बाजूच्या ड्राइव्हमध्ये वर डोक्याऐवजी नमद्याची छोटी गादी असते. तिला अल्कोहोल लावू नका.

गती मिनिटाला ३०० फेरे असायला हवी. बऱ्याच ड्राइव्हच्या खालच्या चाकावर काळ्या रेघांचं वर्तुळ छापलेलं असतं. ५० हर्ट्झच्या रेघा ट्यूबलाइटखाली फिरताना स्थिर दिसल्या की गती बरोबर. मात्र ट्यूबलाइट जुन्या, जड चोकचा हवा. इलेक्ट्रॉनिक चोकच्या किंवा एलईडी ट्यूबखाली हा खेळ जमत नाही, आणि आता जुना चोक शोधणं हेच ड्राइव्ह दुरुस्तीपेक्षा अवघड झालंय. एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपात मिळाला तर मिळाला.

६. केबल: इथे सगळे फसतात

मशीनच्या पोटाखाली पाच जागा आहेत. त्यातल्या दोन अगदी सारख्या, ३४ पिनांच्या: एक ‘डिस्क ड्राइव्ह’, दुसरी ‘१ मेगाहर्ट्झ बस’. ड्राइव्हची पट्टी, म्हणजे चपटी केबल, दुसरीत सहज बसते. मशीन उलटं करून, नाव वाचून लावा, अंदाजानं चाचपून नको.

पट्टीची लाल कडा म्हणजे पिन १. ड्राइव्हकडच्या टोकाला ती उलटी लागली की वीज येताच ड्राइव्हचा दिवा पेटतो आणि विझतच नाही. तसं दिसलं तर बंद करून पट्टी फिरवा. दुसरा गोंधळ जुन्या पीसीच्या केबलचा. तिच्या मध्ये काही तारा पिळलेल्या असतात. इथे सरळ पट्टी लागते, आणि ड्राइव्हवरचा जंपर (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) पहिल्या म्हणजे ‘डीएस ०’ जागेवर. पीसीतून काढलेल्या ड्राइव्हवर तो ‘डीएस १’ वर असतो.

ड्राइव्हला वेगळा पॉवर सप्लाय असेल तर त्यावरही दुसऱ्या पायरीतले सगळे संस्कार करा. वेगळा नसेल तर मशीनच्या खालच्या बाजूनं १२ आणि ५ व्होल्टची जोडणी मिळते, पण तिची ताकद १२ व्होल्टवर १.२५ अँपिअर एवढीच आहे. जुना जाडजूड ड्राइव्ह, त्यातही जोडीनं, तिच्यावर लादू नका.

७. कोरी फ्लॉपी

आता पहिली फ्लॉपी, पण गमावली तरी चालेल अशी. डबल डेन्सिटीचीच. नंतरच्या पीसीची १.२ मेगाबाइटची हाय डेन्सिटी फ्लॉपी दिसायला तशीच असते. तिच्या लेपाला जास्त जोराचं चुंबकत्व लागतं, या ड्राइव्हला ते देता येत नाही. फॉरमॅट झाल्यासारखी वाटेल आणि आठवड्यानं वाचता येणार नाही.

फॉरमॅट करा, छोटा प्रोग्राम साठवा, मशीन बंद करून चालू करा, परत वाचा. चकतीवर मजकूर वर्तुळांत लिहिला जातो, त्या वर्तुळांना ट्रॅक म्हणतात. चाळीस ट्रॅकच्या एका बाजूवर १०० किलोबाइट, ऐंशी ट्रॅकच्या बाजूवर २००. एका बाजूवर जास्तीत जास्त ३१ फाइली आणि फाइलचं नाव सात अक्षरांचं. हा छोटा फेरा बिनचूक पार पडेपर्यंत जुन्या खोक्याला हात नको. फ्लॉपी बाहेर काढून तिच्या खिडकीतून बघा: काळ्या चकतीवर चकाकती वर्तुळाकार रेघ उमटली असेल तर डोकं अजून घाण आहे किंवा लेप खरवडतंय. तिथेच थांबा.

८. जुन्या फ्लॉप्या: आधी उजेडात

प्रत्येक फ्लॉपी तिरप्या उजेडात धरा आणि मधलं भोक बोटांनी हलकेच फिरवत खिडकीतून पूर्ण चकती बघा. कोकणात, मुंबईत, गोव्यात ठेवलेल्या फ्लॉप्यांवर बुरशी सापडतेच: पांढरट किंवा करड्या रंगाचे, बारीक जाळीदार डाग. बुरशी लागलेली एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की डोक्यावर घाण चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते. पाच फ्लॉप्या एकामागून एक ‘खराब निघाल्या’ असं कुणी सांगतं तेव्हा बहुतेकदा पहिलीच खराब असते.

मग तीन गठ्ठे करा: स्वच्छ, डागाळलेल्या, आणि वाकलेल्या किंवा लेप सुटलेल्या. तिसऱ्या गठ्ठ्याला तूर्त हात लावू नका.

डागाळलेली साफ करायची तर वेष्टणाची वरची कड ब्लेडनं जपून उघडा आणि चकती हातमोज्यांनी बाहेर काढा. बोटं फक्त मधल्या भोकाशी, लेपावर नको. कुठली बाजू वर होती त्याची मध्यावर पेनानं बारीक खूण करा, उलटी घातली तर काहीच वाचलं जाणार नाही. कापडावर अल्कोहोल घेऊन आधी कडेच्या एका कोपऱ्यात पुसून बघा. कापडावर तपकिरी रंग उतरला तर लेप सुटतोय, तिथेच थांबा आणि फ्लॉपी तिसऱ्या गठ्ठ्यात टाका. रंग उतरला नाही तर वर्तुळाच्या दिशेनं, हलक्या हातानं, दोन्ही बाजू पुसा. पूर्ण वाळू द्या. आतलं वेष्टणाचं अस्तरही बुरशीनं भरलेलं असतं, म्हणून चकती परत त्यात घालू नका. बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीचं स्वच्छ वेष्टण वापरा. हे काम खोलीत पंखा बंद ठेवून, खिडकी उघडून करा, आणि आसपास निरांजन-उदबत्ती नको.

ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी प्रत्येक फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीनं झाका. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद होतं. साडेतीन इंचीत उलट, तिथे भोक उघडं असलं की लिहिणं बंद. दोन्ही हाताळलेल्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. चिकटपट्टी अपारदर्शक हवी, काही ड्राइव्ह खाच प्रकाशानं तपासतात.

९. वाचताना

फ्लॉपी घाला, चांदणीचं चिन्ह आणि लगेच टिंब, म्हणजे *. असं टाइप करून रिटर्न दाबा. फाइलींची यादी यायला हवी. कर्कश्श किंवा चिरचिर आवाज आला तर क्षणाचाही विचार न करता दार उघडून फ्लॉपी बाहेर. लेप चिकट झालाय, प्रत्येक फेऱ्यात थोडा कायमचा जातोय.

यादी दिसते पण प्रोग्राम उघडत नाही, ‘डिस्क फॉल्ट १८’ येतो? ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा फ्लॉपी ठणठणीत असते. १८ म्हणजे सेक्टर, म्हणजे ट्रॅकचा हवा तो तुकडा, सापडला नाही. यादी असते शून्याव्या ट्रॅकवर, जो चाळीस आणि ऐंशी ट्रॅकच्या दोन्ही ड्राइव्हमध्ये एकाच जागी येतो. पुढच्या ट्रॅकपासून फरक पडतो. चाळीसच्या फ्लॉपीला ऐंशीच्या ड्राइव्हचं डोकं निम्म्याच अंतरावर जाऊन थांबतं. ड्राइव्हच्या मागे किंवा पुढे ४०/८० चं बटण शोधा आणि बदलून परत वाचा. आणि ऐंशीच्या ड्राइव्हनं चाळीसच्या जुन्या फ्लॉपीवर कधीही लिहू नका. त्याचं डोकं अरुंद असल्यानं रेघ अर्धी नवी, अर्धी जुनी राहते आणि मूळच्या ड्राइव्हला दोन्ही धड वाचता येत नाहीत.

बाकीचे आकडे थोडक्यात. १४ म्हणजे शून्याचा ट्रॅक सापडत नाही, दांडी किंवा जंपर बघा. १० म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, दार नीट बंद आहे का पाहा. ‘शून्य-ई’ म्हणजे सेक्टर सापडला पण मजकुराची बेरीज जुळली नाही: डोकं पुसा, पुन्हा वाचा, तरीही तेच आलं तर त्या जागी खरंच इजा आहे. ‘डिस्क रीड ओन्ली’ असं आलं तर आनंद माना, तुमची चिकटपट्टी काम करतेय.

आणखी एक, फार निसटणारी गोष्ट. फ्लॉपीची दुसरी बाजू या मशीनला वेगळा ड्राइव्ह वाटते, क्रमांक २. चांदणी, ‘ड्राइव्ह’ हा शब्द इंग्रजीत आणि २ असं टाइप करून मग पुन्हा यादी मागा. अर्धा मजकूर तिथे असतो आणि लोक तो तसाच ठेवून फ्लॉपी खोक्यात परत टाकतात.

१०. प्रत काढणं

मशीनवरच फ्लॉपी ते फ्लॉपी प्रत करत बसू नका. जुनी फ्लॉपी जितकी कमी फिरेल तितकं बरं. ग्रीझवीझल हे यूएसबीचं छोटं बोर्ड घ्या. ते एका बाजूनं सव्वापाच इंची ड्राइव्हला आणि दुसऱ्या बाजूनं आजच्या लॅपटॉपला जोडायचं. हे बोर्ड फाइली वाचत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे वेळेसकट टिपून घेतं. त्यामुळे आज न उलगडलेला ट्रॅक पुढे कधीतरी, फ्लॉपी पुन्हा न फिरवता, उलगडता येतो. आधी ही कच्ची नोंद साठवा, मग तिच्यातून एका बाजूसाठी ‘एसएसडी’ आणि दोन बाजूंसाठी ‘डीएसडी’ फाइल बनवा. ऐंशी ट्रॅकचा ड्राइव्ह आणि चाळीसची फ्लॉपी असेल तर ग्रीझवीझलला एक आड एक ट्रॅक वाचायला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर पुन्हा मघाचाच गोंधळ.

प्रत्येक फ्लॉपीनंतर डोकं पुसा. कंटाळवाणं आहे, पण पुसा.

तयार फाइल ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ‘जेएसबीब’ या एम्युलेटरमध्ये (आजच्या संगणकावर जुनं मशीन भासवणारा प्रोग्राम) किंवा ‘बीबएम’मध्ये उघडून खात्री करा. फाइलीला नाव देताना लेबलवरचा मजकूर, बाजू आणि वाचलेली तारीख लिहा. ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशी नावं दिली तर दोन महिन्यांनी तुम्हालाच ओळखू येणार नाहीत.

या फाइली इंटरनेटवर टाकण्यापूर्वी आत डोकावा. शाळेच्या फ्लॉपीवर मुलांची नावं, जन्मतारखा, गुण असतात, आणि ती मुलं आता पन्नाशीची आहेत. निकालपत्रकं शाळेला पेनड्राइव्हवर परत द्या. खेळ आणि धड्यांचे प्रोग्राम ज्यांनी लिहिले ते सर किंवा बाई सापडत असतील तर त्यांना विचारून मगच पुढे पाठवा.

रोजच्या वापरासाठी ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवा. हा पेनड्राइव्हलाच फ्लॉपी भासवणारा डबा आहे. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर भरलं की एसएसडी आणि डीएसडी फाइली तो थेट घेतो. त्याचाही जंपर ‘एस ०’ वर ठेवा आणि पट्टीची लाल कडा तपासून घ्या. मूळ फ्लॉप्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, उभ्या, स्पीकरपासून लांब ठेवा आणि डब्यावर डेडस्टॉकचा क्रमांक चिकटवा.